दुसऱ्या खुर्चीचं अनुमोदन

आळतूरच्या नदी-पातळी केंद्रातला सर्व्हर सूचक आणि अनुमोदक असल्याशिवाय कुठल्याही प्रोसेसरला रुजू करून घेत नसे.

यात आळतुरात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. उलट, रीतीला धरून चालणारं यंत्र म्हणून त्याचा लौकिकच होता. त्याचं असं झालं, की या सर्व्हरचं उद्घाटन भर सभेत झालं होतं. बटण आधी दाबलं गेलं आणि भाषणं नंतर झाली. त्यामुळे जागा झाल्याबरोबर त्याच्या कानांवर पहिलं काय पडलं, तर ‘आजच्या अध्यक्षस्थानासाठी मी अमुक यांचं नाव सुचवतो’ आणि पाठोपाठ ‘या सूचनेला मी अनुमोदन देतो’. खुर्चीत कुणाला बसवायचं तर एकानं नाव सुचवायचं आणि दुसऱ्यानं अनुमोदन द्यायचं, हे त्यानं तिथल्या तिथे मनाशी पक्कं केलं. पुढे कुणी त्याला समजवायला गेलं नाही, आणि गेलं असतं तरी त्यानं ऐकलं नसतं.

सर्व्हर बनवणाऱ्या कंपनीच्या मान्य यादीतला प्रोसेसर असला तर काही अडत नसे. कारखान्यानं त्याचं नाव सुचवलेलं असे, कंपनीनं अनुमोदन दिलेलं असे. खुर्चीत बसवला की काम सुरू. प्रोसेसर ज्या खाचेत बसतो तिला बाहेर सॉकेट म्हणतात, पण आळतूरच्या केंद्रात सगळे खुर्चीच म्हणत. यादीबाहेरच्याचं मात्र सगळं स्थानिक पातळीवर जमवावं लागणार होतं, आणि तसा प्रसंग तोवर आला नव्हता.

तो आणला नीलांबरी तोडकरनं. नीलांबरी केंद्राची अभियंता. डोंगरात पाऊस किती झाला, वरच्या धरणातून पाणी किती सुटलं, हे सर्व्हरला द्यायचं आणि गावात नदी कुठवर चढेल ते त्याच्याकडून घ्यायचं, हे तिचं काम. खुर्चीत बसलेला जुना प्रोसेसर या बाबतीत एकदम पक्का. आयुष्यात एकदाही चुकला नव्हता. पण त्याच्या उमेदीत डोंगरात पाऊस मोजायच्या जागा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. आता प्रत्येक टेकडीवर यंत्र बसलं होतं, आकड्यांचा नुसता मारा होता, आणि जुन्याला एकही आकडा न वाचता पुढे जायची सवय नव्हती.

त्यामुळे गेल्या वर्षी काय झालं, की नदी पावणेचव्वेचाळीस फुटांवर जाईल असा अंदाज त्यानं दिला आणि नदी बरोब्बर पावणेचव्वेचाळीस फुटांवर गेली. फक्त अंदाज आला तेव्हा पाणी येऊन परत गेलेलं होतं. लोक फावड्यांनी गाळ ओढत होते. त्यांनी तो आकडा वाचला, भिंतीवरच्या ओल्या रेघेशी ताडून पाहिला आणि माना डोलावल्या. “काय अचूक आहे हो!” असं म्हणाले आणि पुन्हा गाळ ओढायला लागले.

कुंभारगल्लीतल्या अनुसयाकाकीही तेच म्हणाल्या. काकी शाडूचे गणपती करत. शाडूचा गणपती भाजलेला नसतो. पाणी लागलं की तो पुन्हा माती होतो. आणि कुंभारगल्ली म्हणजे गावातली सगळ्यांत सखल जागा, नदी बेचाळीस फुटांवर गेली की पाणी काकींच्या उंबऱ्याला. त्या वर्षीचे सगळे गणपती त्यांच्या ओसरीवर एकच एक ढीग होऊन बसले होते. नीलांबरी तोंड लपवत भेटायला गेली, तर काकी म्हणाल्या, “नीलू, आकडा बरोबर हुता गं तुमचा.” टोमणा नव्हता तो. खरंच कौतुक होतं. नीलांबरीला त्या कौतुकानं रात्र रात्र झोप आली नाही.

बरं, काकींनी आधीच सगळं उचलून शाळेच्या वरच्या मजल्यावर का नेऊ नये? तर त्याआधीच्या वर्षी नेलं होतं. नुसत्या अफवेवर. नेताना-आणताना निम्म्या गणपतींचे कान गेले, सोंडा गेल्या, आणि पाणी आलंच नाही. “मला नुस्तं ‘सावध राहा’ नको सांगूस,” काकींनी तेव्हाच बजावलं होतं. “सावध राहून काय करू मी? आकडा सांग. आकडा कळला की उचलते.”

म्हणून नीलांबरीनं नवा प्रोसेसर शोधला. यादीतले सगळे बनायचे कधीच बंद झाले होते. पुण्यात कार्टून सिनेमे काढणारा एक स्टुडिओ बंद पडला, त्याच्या मोडीत निघालेल्या यंत्रातून हा मिळाला. तरुण, तडफदार, आणि खुर्चीच्या मापाचा. एसटीतून आणताना तिनं त्याची पिशवी मांडीवरून खाली ठेवली नाही.

आल्यावर रीत म्हणून तिनं सर्व्हरच्या कंपनीला फोन लावला.

“मॅडम, तो आमच्या यादीत नाही,” तिकडचा माणूस म्हणाला.

“माहीत आहे. बसवला तर काय होईल?”

“बसणारच नाही.”

“बसतो. माप घेऊन पाहिलंय.”

“बसला तरी आमच्या लेखी बसला नाही. आमच्या लेखी खुर्ची रिकामीच राहील.”

“आणि त्यानं काम केलं तर?”

त्या माणसानं फोन बाजूला धरून वरिष्ठांना विचारलं. मग तो सौजन्यानं म्हणाला, “रिकाम्या खुर्चीनं काम केलं, अशी नोंद ठेवू आम्ही.”

“ठेवा,” नीलांबरी म्हणाली आणि कामाला लागली. नव्याची आणि सर्व्हरची भाषा एक नव्हती. सर्व्हरला नव्याचं म्हणणं कळावं म्हणून त्याच्या अगदी मुळातल्या आज्ञा बदलणं भाग होतं, आणि त्यात एक अक्षर चुकलं असतं तरी सर्व्हर कायमचा मुका झाला असता. सगळा उन्हाळा ती हे करत होती. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी शाबासकी देणार नव्हतं. पोरगी मोठ्या जिगरीची, आणखी काय बोलायचं! श्रावण तोंडावर आला तेव्हा नव्याचा परिचय तयार झाला होता.

केंद्रप्रमुख घोलपसाहेबांनी समारंभ ठरवला. साहेब मनानं चांगले, पण माईक दिसला की त्यांचा पाय निघत नसे. समारंभ दोन भागांत होणार होता, आधी जुन्याला निरोप, मग नव्याचं स्वागत. जुना म्हणाला होता, की निरोप समारंभाशिवाय आपण खुर्ची सोडणार नाही, आणि इतक्या वर्षांच्या सेवेनंतर त्यात गैर काही नव्हतं.

नीलांबरीनं रुमालाएवढी शाल शिवून आणली होती. श्रीफळ प्रोसेसरच्या मानानं फारच मोठं झालं असतं, म्हणून सुपारीवर भागवलं. साहेब बोलायला उभे राहिले. जुन्याची निष्ठा, जुन्याची शिस्त, सगळं छान बोलले. आणि मग, देव जाणे कुठून, म्हणाले, “गेल्या वर्षी त्यांच्या हातून चूक झाली खरी, पण आपण मोठ्या मनानं...”

सर्व्हरचे सगळे पंखे एकदम जोरात फिरले आणि थांबले.

नीलांबरी जुन्याची समजूत घालायला पुढे झाली. पण तेवढ्यात फोन वाजला. वरच्या धरणाचे दरवाजे उघडले होते. डोंगरात पाऊस कोसळत होता. निरोपाचं भाषण तिथेच आवरलं. नीलांबरीनं वीज बंद केली, जुन्याला अलगद उचललं, शालीत ठेवलं, शेजारी सुपारी ठेवली. खुर्ची पुसली, नव्याला चारी कोपरे जुळवून बसवलं, खटका दाबला, पाठीवर वाटाण्याएवढी पेस्ट लावून वर उष्णता शोषणारा धातूचा ठोकळा आवळला.

सर्व्हरमध्ये एक बारकी चिप असते, ती प्रोसेसर असो-नसो, जागी राहते आणि पडद्यावर लिहिते. केंद्रात तिला कारकून म्हणत. वीज सुरू केल्याबरोबर कारकुनाचा मजकूर उमटला. ‘खुर्चीत अनोळखी गृहस्थ बसल्याचे निदर्शनास आले आहे. परिचय सादर करावा.’

नीलांबरीनं परिचय सादर केला. कारकुनानं तो बारकाईनं वाचला.

‘उमेदवारास पाण्याचा पूर्वानुभव आहे काय?’

“आहे,” तिनं टंकलं. “कार्टून सिनेमांतल्या पाण्याचा. समुद्र, धबधबे, एक पूर.”

‘त्या पाण्यात कोणी भिजले होते काय?’

“कार्टूनमधले सगळे भिजले होते.”

‘नोंद घेतली. सूचक?’

“मी, गणपतराव घोलप, केंद्रप्रमुख,” साहेब माईकवर म्हणाले. “मी या प्रोसेसरचं नाव सुचवतो.”

‘अनुमोदक?’

आता इथे नीलांबरीनं तोंड उघडायचं, असं ठरलेलं होतं. पण फोन पुन्हा वाजत होता, साहेब घाईला आले होते, आणि माईक त्यांच्या हातात होता. “आणि माझंच अनुमोदन!” असं म्हणून ते मोकळे झाले. वर टाळ्याही वाजल्या. आपल्याकडे सभा आवरती घ्यायची असली की असं सर्रास करतात, कुणी मनावर घेत नाही.

कारकुनानं घेतलं. ‘सूचक आणि अनुमोदक एकच व्यक्ती असल्याने सूचना बाद. फेरसूचना मान्य, परंतु सभेतील व्यक्तींवरचा विश्वास उडाल्यामुळे अनुमोदक आता या खुर्चीत पूर्वी बसलेला असावा.’

साहेब मटकन खाली बसले. नीलांबरीनं शालीकडे पाहिलं.

त्या खुर्चीत पूर्वी बसलेला एकच होता, आणि तो नुकताच अपमान गिळून सुपारीशेजारी पडला होता.

तेवढ्यात अनुसयाकाकी दारात आल्या. त्यांच्या हाताला कोपरापर्यंत शाडू लागलेला होता. “नीलू, दरवाजं सोडल्यात म्हनं धरनाचं. माझे गनपती तयार हायत सगळे. उचलू का ठिवू?”

“काकी, आकडा येतोय. थोडं थांबा.”

“थांबते की. पण पाणी थांबंल व्हय?”

सर्व्हरला खुर्च्या दोन होत्या. दुसरी पहिल्या दिवसापासून रिकामी होती. नीलांबरीनं कारकुनाला विचारलं, जुन्यांना दुसऱ्या खुर्चीत बसवलं तर चालेल का. कारकुनानं नियम पाहिले. दोन वेगळ्या घरचे प्रोसेसर शेजारी बसवण्यास कंपनीची मनाई होती. पण कंपनीच्या लेखी पहिल्या खुर्चीत कुणी बसलेलंच नव्हतं, त्यामुळे शेजारी कोण याचा प्रश्न उद्भवत नव्हता. ‘पाहुणे म्हणून बसता येईल,’ कारकुनानं कळवलं.

तिनं पुन्हा वीज बंद केली, जुन्याला शालीतून उचलून दुसऱ्या खुर्चीत बसवलं आणि वीज सुरू केली. पडद्यावर खालच्या कोपऱ्यात एक बारीक रेघ लुकलुकायला लागली. मजकूर काही येईना.

“तुम्ही आहात ना?” तिनं टंकलं.

बऱ्याच वेळानं उत्तर आलं. ‘आहे.’

“आम्हाला तुमचं अनुमोदन हवं आहे.”

‘ज्याच्या हातून चूक झाली, त्याचे अनुमोदन कशाला?’

नीलांबरीचे डोळे भरून आले. नदी चढत होती, काकी दारात उभ्या होत्या, आणि तिला त्या क्षणी वाईट वाटत होतं ते या म्हाताऱ्याचं. “तुमची चूक झाली नाही,” तिनं लिहिलं. “तुम्ही एक आकडासुद्धा सोडला नाहीत. तुमच्याकडूनच मी शिकले. उशीर झाला, तो आम्ही तुमच्यावर जास्त भार टाकला म्हणून. आज मला फक्त या काकींचे गणपती वाचवायचे आहेत.”

रेघ लुकलुकत राहिली. जुना विचार करत होता, आणि जुन्याचा विचार म्हणजे काय ते केंद्रात सगळ्यांना ठाऊक होतं. साहेबांनी कपाळाला हात लावला. काकी पायरीवर बसल्या आणि हाताचा वाळलेला शाडू खरवडायला लागल्या.

अखेर मजकूर आला. ‘गेल्या वर्षीचा पूर नव्याला घाला. त्याचे उत्तर मला दाखवा.’

कारकुनानं चाचणीपुरती परवानगी दिली. नीलांबरीनं गेल्या वर्षीचा सगळा पाऊस नव्याला दिला. पापणी लवायच्या आत उत्तर पडद्यावर होतं. पावणेचव्वेचाळीस फूट.

जुन्यानं ते वाचलं. वरवर नव्हे, प्रत्येक टेकडीचा पाऊस आपल्या स्वतःच्या आकड्याशी लावून पाहिला. खिडकीतून दिसणारा नदीचा घाट एकेक पायरीनं कमी होत होता. कुणी त्याला घाई केली नाही. साहेबसुद्धा गप्प बसले, आणि ही गोष्ट आळतुरात नंतर बरेच दिवस सांगितली जात होती.

‘नवा बरोबर आहे,’ शेवटी उमटलं. ‘म्हणजे मीही बरोबर होतो.’

“होता,” नीलांबरीनं लिहिलं.

‘साहेबांनी म्हणावे.’

घोलपसाहेब उठले. माईक त्यांनी बाजूला ठेवला, सर्व्हरसमोर येऊन हात जोडले. “गेल्या वर्षी तुमची चूक नव्हती,” ते म्हणाले. “मी भलतंच बोललो. माफ करा.” इतकं छोटं भाषण त्यांनी आयुष्यात केलं नव्हतं, आणि इतकं चांगलंही.

नीलांबरीनं ते शब्द जसेच्या तसे टंकले. साहेबांनी पहिल्या खुर्चीसाठी नव्याचं नाव पुन्हा सुचवलं. आणि खालच्या कोपऱ्यात एक ओळ उमटली. ‘या सूचनेला मी अनुमोदन देतो.’ जरा वेळानं आणखी एक. ‘यंदाचा हिशेब मीही करीत आहे. सवडीने कळवीन.’

कारकुनानं नव्याला रुजू करून घेतलं. पंखे फिरले, दिवे हिरवे झाले. नीलांबरीनं आकडा वाचला तो जवळजवळ ओरडूनच. “काकी, चव्वेचाळीस फूट दोन इंच! उद्या दुपारी!”

“उद्या दुपारी?” काकी उठल्याच. “मग हाय की वेळ. उचला रं!”

मग काय विचारता! घोलपसाहेबांनी समारंभाला आलेले सगळे पाहुणे तसेच्या तसे कुंभारगल्लीत नेले. कुंभारगल्लीपासून शाळेच्या जिन्यापर्यंत माणसांची रांग लागली आणि गणपती हातोहात वर चढायला लागले. साहेब जिन्याच्या वळणावर उभे होते, तिथे कान मोडायची भीती जास्त. प्रत्येक गणपती पुढे देताना ते तोंडातल्या तोंडात ‘सावकाश, सावकाश’ म्हणत होते. घाई करायची गरजच नव्हती. हाताशी आयुष्यात पहिल्यांदा वेळ होता. दुसऱ्या दिवशी दुपारी पाणी काकींच्या उंबऱ्यावरून आत शिरलं, रिकाम्या फळ्यांना हात लावून आलं आणि चव्वेचाळीस फूट दोन इंचांवर थांबलं. नीलांबरी शाळेच्या गच्चीवर उभी होती. तिला रडू आवरेना. काकींनी शाडूचा हात तिच्या पाठीवरून फिरवला, आणि तिच्या ड्रेसवर पाच बोटं उमटली.

आता पाणी उतरायला हवं होतं. पाऊस थांबला, धरणाचे दरवाजे बंद झाले, ऊनही पडलं. पाणी उतरेना. वर नाही, खाली नाही, चव्वेचाळीस फूट दोन इंचांवर ते शांत उभं होतं. खालच्या बाजूच्या गावांतलं पाणी केव्हाच ओसरलं होतं. जिल्ह्याच्या ठिकाणाहून लोक येऊन पाहून गेले.

काय ते घोलपसाहेबांच्या लक्षात आलं. इतक्या सभा उगाच नव्हत्या केल्या त्यांनी.

“नीलांबरी,” ते म्हणाले, “नव्यानं नुसतं सुचवलंय. दुसऱ्या खुर्चीचं व्हायचं आहे अजून.”

नीलांबरी केंद्रात धावली. खालच्या कोपऱ्यातली रेघ लुकलुकत होती. जुना एकेक टेकडी वाचत होता. तिनं चहा मागवला, खुर्ची ओढून घेतली आणि त्याच्याशेजारी बसून राहिली. काही विचारलं नाही. गावातही कुणी कुरकुर केली नाही. माणसं गच्च्यांवर बसून पाण्याकडे पाहत होती, आणि काकी शाळेत बसून आपल्या गणपतींच्या सोंडा रंगवत होत्या. एकही मोडली नव्हती.

ओळ आली तेव्हा दुसऱ्या दिवशीची टळटळीत दुपार होती.

‘चव्वेचाळीस फूट दोन इंच. अनुमोदन.’

संध्याकाळपर्यंत घाटाची वरची पायरी दिसायला लागली. पाणी हळूहळू, कुठेही आदळआपट न करता मागे सरकलं आणि आपल्या पात्रात जाऊन वाहायला लागलं.

तेव्हापासून आळतुरात असंच चालतं. कंपनीच्या लेखी आजही दोन्ही खुर्च्या रिकाम्या आहेत, एकीत यादीबाहेरचा आणि दुसरीत नुसता पाहुणा. नवा आकडा सांगतो, काकी गणपती उचलतात, पाणी येतं, जुन्याचा हिशेब पूर्ण होईपर्यंत थांबतं, आणि मग जातं. बाहेरगावचा कुणी नवखा विचारतो, की नदी थांबते कशी? काकी हातातलं काम न सोडता म्हणतात, “आता घरात एवढं वडीलधारं माणूस बसलंय. त्यास्नी न सांगता जाणं बरं दिसतं व्हय?” आणि पुढच्या गणपतीचा कान लावायला घेतात.